आपलंच घोडं

गेल्या पावसाळ्यात बहिणीने मला एक पानभर मजकूर लिहून द्यायला सांगितला. तिचा मुलगा, माझा भाचा, स्वमग्न आहे. वय सतरा. बोलणं मोजकं, आणि बहुतेक दिवस तेवढंही नाही. गेली तीन वर्षं तो दर रविवारी हेब्बाळच्या पुढे, बळ्ळारी रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका तबेल्यात घोड्यावर बसायला जातो. अशा मुलांसाठी तिथे घोड्यांच्या साहाय्याने उपचार चालतात. संस्थेला देणगीदारांसाठी पत्रक काढायचं होतं आणि त्यात मुलांची मनोगतं हवी होती. ‘माझं नाव अमुक. राणी माझी मैत्रीण आहे. तिच्या पाठीवर बसलो की मला...’ असं काहीतरी. बहीण म्हणाली, ‘‘तू तर रोज दुसऱ्याचं ‘मी’ लिहितेस. एवढं एक पान लिहून दे.’’

तिचं म्हणणं खरं होतं. मी भाषांतर करते. कन्नडमधून आणि इंग्रजीतून मराठीत आणताना गेल्या वीस वर्षांत मी विधवा झाले आहे, जमीनदार झाले आहे, एकदा तर खुनीही झाले आहे. प्रत्येक वेळी ‘मी’ म्हणूनच लिहिलं आणि त्याचे पैसे घेतले. मग ज्या मुलाला त्याच्या जन्मापासून ओळखते, त्याच्या वतीने दोनशे शब्द लिहिताना हात का अडला? मराठीत विचारायचं तर, घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं? तेव्हा बहिणीला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे शोधते आहे. भाच्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याची परवानगी कशी घ्यायची हे मला ठाऊक नाही. घोडीचं नाव लिहिलं आहे. तिलाही कुणी विचारलेलं नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

मनोगताची मागणी आली ती एका शब्दामुळे. जूनमधल्या एका रविवारी भाचा राणीच्या पाठीवर बसला होता. पुढे दोर धरून सईस, आपल्या जुन्या मराठीत मोतद्दार. दोन्ही बाजूंना पाय सावरायला दोन स्वयंसेवक. घोडी थांबली की मुलाने ‘वॉक ऑन’ म्हणायचं आणि मग ती चालणार, असा तिथला पाठ. तीन वर्षांत भाच्याने ‘वॉक ऑन’ म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घोडी थांबली, दहाएक सेकंद गेले आणि तो म्हणाला, ‘‘चल.’’ राणी चालू लागली.

कुंपणाशी उभी असलेली बहीण रडायला लागली. ‘‘मराठीत बोलला,’’ एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. सईस हसत म्हणाला, ‘‘मेरेसे सीखा अम्मा. मैं रोज उसकू ‘चल राणी’ बोलतूँ.’’ त्याच्या दृष्टीने तो शब्द दखनी होता. उपचार करणाऱ्या मुलीने तक्त्यात नोंद केली: स्वतःहून दिलेली तोंडी सूचना, एक. एकाच अक्षरजोडीची तीन भाषांतरं माझ्यासमोर झाली, आणि तिन्ही करणाऱ्यांना आपलं भाषांतर म्हणजेच मूळ वाटत होतं.

बहिणीच्या रडण्यामागे जुनं दुखणं आहे. मूल तीन वर्षांचं असताना एका तज्ज्ञाने सांगितलं होतं की, घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो, आणि शाळा इंग्रजी असल्यामुळे ती इंग्रजीच असू द्या. बंगळुरूतल्या कितीतरी घरांना हा सल्ला मिळालेला आहे. मराठी, तमिळ, तुळू, कोंकणी घरं एका दिवसात इंग्रजी झाली. प्रत्यक्षात गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या अभ्यासांत, दोन भाषा ऐकत वाढल्याने स्वमग्न मुलांची भाषा आणखी मागे पडते असं आढळलेलं नाही. पण तोवर बहिणीने अंगाई सोडली होती, ओव्या सोडल्या होत्या. आजी नातवाशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायची, आणि पुढे पुढे बोलेनाशीच झाली. त्यामुळे तो शब्द मराठी असावा अशी बहिणीची गरज होती. सईसालाही त्याची गरज होती. तीन वर्षं दोर धरून चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतं तरी किती? आणि तक्ता भरणाऱ्या मुलीला महिन्याच्या शेवटी अहवाल द्यायचा होता.

मला काय दिसलं? मी बाजूला उभी होते आणि एक गोष्ट मला नक्की सांगता येत नाही: आधी शब्द आला की आधी सईसाचा खांदा हलला.

ही शंका केवळ माझ्या स्वभावातून आलेली नाही. घोड्यांच्या बाबतीत तिला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा आणि खूर आपटून उत्तरं द्यायचा. त्यात लबाडी नव्हती, कारण मालक समोर नसतानाही तो उत्तरं देई. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये त्याचा उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकत असे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा ती हालचाल वाचायचा. पुढची गंमत अशी की हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची हालचाल पुरती दाबता आली नाही. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणूस वाचता येत होता. समोरच्याने मात्र त्याच्या खुरातून आपलंच उत्तर ऐकलं.

हीच चूक पुढे स्वमग्न माणसांच्या बाबतीत झाली, आणि ती फार महागात पडली. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत लोकप्रिय झाली. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात मदतनिसाने धरायचा आणि तिने फळ्यावरची अक्षरं टिपायची. वर्षानुवर्षं मुकी असलेली मुलं अचानक कविता लिहू लागली, आईबापांना ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ म्हणू लागली. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरं चित्र दाखवलं, तर उत्तर मदतनिसाच्या चित्राचं येई. मदतनीस फसवत नव्हते. ते मनापासून ऐकत होते, पण ऐकत होते ते स्वतःला. त्यातून काही घरांवर अत्याचाराचे खोटे आरोप झाले आणि मुलं आईबापांपासून तोडली गेली.

पण शंकेलाही मर्यादा हवी. टिटो राजर्षी मुखोपाध्याय हे स्वमग्न लेखक लहानपणी मैसूर-बंगळुरूतच वाढले. आई सोमा यांनी त्यांना चिकाटीने लिहायला शिकवलं, आणि २००० साली ‘बियाँड द सायलेन्स’ हे त्यांचं पुस्तक इंग्लंडमध्ये निघालं. सोमा यांनी पुढे आपली पद्धत इतर मुलांसाठी वापरली. तिच्यावर तज्ज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत, आणि ते मला पटतात. टिटो मात्र स्वतःच्या हाताने लिहितात. न बोलणाऱ्या माणसाच्या आत काही नाही असं धरून चालणंही आपलंच उत्तर त्याच्या तोंडी घालणं आहे. आपण फक्त ते उत्तर कोरं ठेवलेलं असतं.

मग माझा धंदा वेगळा कसा? मीही दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालते. खूप विचार केल्यावर मला फरक दिसतो तो एवढाच: माझ्या टेबलावर मूळ पुस्तक असतं. मी चुकले, तर कन्नड जाणणारा कुणीही वाचक ते पान उघडून माझा कान धरू शकतो. भाषांतरातलं ‘मी’ उसनं असतं, पण ते कुणाकडून घेतलं याची नोंद असते आणि सावकार हजर असतो. पत्रकातल्या मनोगताचं मूळ कुठे उघडून पाहायचं? तिथे मी लिहीन ते कधीच चूक ठरणार नाही. आणि जे चूक ठरूच शकत नाही, ते भाषांतर नव्हे. ते आपलंच घोडं दामटणं.

मेल बॅग्ज यांची एक चित्रफीत २००७ मध्ये बरीच गाजली. पहिल्या भागात बॅग्ज गुणगुणतात, हात हलवतात, वाहत्या पाण्यात बोटं फिरवतात, वस्तूंना गाल लावतात. दुसऱ्या भागाचं शीर्षक आहे ‘भाषांतर’. टंकलेल्या मजकुराचा यांत्रिक आवाज आपल्याला सांगतो की, ही माझी भाषा आहे. पण या हालचालींपैकी प्रत्येकीचा काही सांकेतिक अर्थ असेल आणि तो तुम्ही लावाल, असं समजू नका. मी भोवतालाच्या प्रत्येक गोष्टीशी संवाद करते आहे, एवढंच. तुमच्या भाषेत बोलेपर्यंत मला माणूस धरलं जात नाही, ही त्यामागची तक्रार. भाषांतरकाराला याहून मोठा धक्का कोण देणार? भाषांतराच्या मथळ्याखालीच मला बजावलं गेलं की, पहिल्या भागाचं भाषांतर करू नकोस.

आपल्या शब्दांतच हे भाषांतर आधीपासून सुरू असतं. ‘ऑटिझम’मधला ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्व. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करताना तो शब्द वापरला. मराठीने ‘स्वमग्नता’ केलं, हिंदीत ‘स्वलीनता’ चालतो, आणि आपल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात तर ‘स्वपरायणता’ आहे, म्हणजे जवळजवळ आपमतलबीपणा. तीनही शब्दांनी मुलाला आत कोंडून दार लावून घेतलं. ‘मग्न’ला आपल्याकडे चांगला अर्थही आहे. भजनात मग्न, कामात मग्न. पण माझा भाचा स्वतःत मग्न असतो असं मला कधी वाटलेलं नाही. तो राणीच्या आयाळीत मग्न असतो, तबेल्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसात असतो, हेब्बाळच्या उड्डाणपुलाखालून जाताना बदलणाऱ्या आवाजात असतो. त्याची मग्नता बाहेरच असते, फक्त ती आपल्याकडे वळलेली नसते.

घोड्यापाशी हे का खपून जातं, याची काही साधी कारणं आहेत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकासमोरचा अगदी जवळचा आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे थेट समोरून जायचं नसतं, खांद्याच्या बाजूने जायचं असतं. शाळेत ज्या मुलाला रोज ‘माझ्याकडे बघ’ म्हणून सांगितलं जातं, त्याला इथे प्रथमच कळतं की तिरपं पाहणं हीसुद्धा रीत असू शकते. शिवाय चालत्या घोड्याच्या पाठीवर बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, साधारण आपण स्वतः चालताना हलते तशीच. पोलिओ झालेल्या डॅनिश लिझ हार्टेल हिने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं, आणि तेव्हापासून युरोपात या उपचारांना जोर आला.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत बरा पुरावाही आहे. रॉबिन गॅब्रिएल्स आणि सहकाऱ्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास ६ ते १६ वयाच्या १२७ मुलांचा होता. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एक गट दहा आठवडे घोड्यावर बसला, दुसरा तबेल्यात येऊन घोड्यांविषयी शिकला, पण जिवंत घोड्याशिवाय. बसणाऱ्या गटाची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, आणि वापरलेल्या शब्दांची संख्या वाढली. मी हे बहिणीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग झालं तर.’’ पण १२७ मुलांची सरासरी एका मुलाच्या एका ‘चल’बद्दल काहीच सांगत नाही. आणि मला दुसरीच गोष्ट टोचत होती. शेजारच्या इमारतीतला त्याच वयाचा मुलगा रविवारी फुटबॉल खेळतो, तेव्हा त्याने किती शब्द वापरले हे कुणी मोजत नाही. तो खेळतो, कारण त्याला आवडतं. माझ्या भाच्याचं मात्र प्रत्येक सुख उपचार म्हणून सिद्ध व्हावं लागतं. तो काहीच न बोलता राणीवर बसला असता, तर तीन वर्षं फुकट गेली असती का?

राणीची बाजू आम्ही सगळ्यांनी उशिरा पाहिली. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. ती ठेंगणी घोडी आहे, वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. भाचा ऑगस्टमध्ये अडुसष्ट किलोचा झाला. संस्थेने नम्रपणे सांगितलं की आता त्याला बसता येणार नाही. बहीण हादरली. ‘‘आत्ता कुठे बोलायला लागला होता. चार किलोंनी काय होतंय?’’ तिने मला संस्थेला पत्र लिहायला सांगितलं.

चार किलोंनी काय होतं हे फक्त राणीलाच ठाऊक. तिच्या तोंडात लोखंड नसतं, फक्त म्होरकी असते. तिला चंदी वेळेवर मिळते. दिवसाला दोनच फेऱ्या. वागणूक चांगलीच आहे. पण ती कधी ‘नाही’ म्हणाली, तर ते आम्हाला कसं कळणार? ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने चढले. घोडा आपलं एवढं वाचतो आणि आपण त्याचं फारच थोडं. सईसाला थोडं वाचता येतं. त्याने एक दिवस मला दाखवलं की, भाचा बसताना राणी हल्ली कान मागे टाकते आणि शेपूट झटकते. पूर्वी तसं करत नसे. तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता. कांट म्हणत असे की प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण त्याने माणूस माणसांशीही कठोर होतो. म्हणजे प्राण्याचं दुःख मोजायचं तेही आपल्या सरावासाठी. इथे ते पुरत नाही. राणी आमच्या मुलाच्या सुधारणेचं साधन आहे एवढंच धरलं, तर चार किलो काहीच नाहीत.

ते पत्रही मी लिहिलं नाही. बहीण संतापली. तिचं बोलणं मी इथे पुरतं लिहिते, कारण ते खोटं नाही. ‘‘तुझ्याकडे शंका घेत बसायला वेळ आहे. मला नाही. तो सांगत नाही म्हणून मी सांगते. त्याचं पोट दुखतं तेव्हा मी अंदाज केला नाही तर तो मरेल. पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. मला समितीपुढे पालकत्वाचा अर्ज करावा लागेल, बँकेत, दवाखान्यात त्याच्या वतीने सही करावी लागेल. तिथे मी काय लिहू, मला खात्री नाही म्हणून?’’

यावर माझ्याकडे आजही अर्धंच उत्तर आहे. कुणीतरी बोलावंच लागतं. अंदाज करणं हा गुन्हा नाही. अंदाजाला त्याचंच बोलणं म्हणणं हा आहे. ‘त्याचं पोट दुखत असावं’ असं म्हणणारी आई उद्या चूक ठरू शकते, आणि ठरली तर औषध बदलते. ‘माझं पोट दुखतंय’ असं त्याच्या नावाने लिहिलं की चुकीची वाट बंद झाली. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही पालकत्वाबद्दल बोलताना ‘मर्यादित’ हा शब्द घातला आहे. निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, परस्परांच्या समजुतीने आणि विश्वासाने, असं तो म्हणतो. कागदावर हे सोपं आहे. पण त्या ‘मर्यादित’मध्ये मला माझ्याच धंद्याचा नियम दिसतो: दुसऱ्याच्या वतीने बोल, पण त्याची जागा मोकळी ठेव.

पैठणची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. त्या गोष्टीत दोन चमत्कार आहेत आणि आपण एकच लक्षात ठेवतो. रेडा वेद बोलण्याआधी कुणीतरी त्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि वळ उमटले ते ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. वेदांचा चमत्कार विद्वानांना पटवण्यासाठी होता. त्यात रेड्याला त्यांचीच भाषा बोलावी लागली, आणि त्याला स्वतःला काय म्हणायचं होतं हे कुणी विचारलं नाही. वळांच्या चमत्कारात रेडा काहीच बोलत नाही, आणि तरी कुणालातरी तो पुरता कळलेला असतो. पत्रकं पहिल्या वाटेने जातात. दुसरी वाट माझ्या आवाक्याबाहेरची आहे, पण निदान तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, एवढं ती सांगते.

शेवटी मी संस्थेला एक पान दिलं. त्यात ‘मी’ होतं, पण माझं. जूनच्या त्या रविवारी मी काय पाहिलं, तिघांनी त्याचे कोणते अर्थ लावले, आणि मला कशाची खात्री नाही, हे त्यात होतं. ते छापलं गेलं नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. अशा पानावर देणगी कोण देणार?

भाचा अजून रविवारी जातो. आता तो राणीवर बसत नाही, तिला खरारा करतो. सईस एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. मानेपासून सुरुवात, मग पाठ, मग पोट. पोटाकडे हात हलका. हे त्याला कुणी तोंडी सांगितलेलं नाही. राणीचे कान या वेळी मागे जात नाहीत, असं सईस सांगतो, आणि मीही पाहिलं आहे. पंचेचाळीस मिनिटांत एक शब्द नसतो. नोंदवहीत त्या वेळेला आता ‘उपचार’ म्हणत नाहीत, आणि फीही निम्मी झाली आहे.

बहिणीने घरात पुन्हा मराठी सुरू केली. तो शब्द मराठी होता हे तिचं मत कायम आहे. मी वाद घालत नाही. चौदा वर्षांनी ती स्वयंपाक करताना मुलाशी आपल्या भाषेत बोलते, भाजी चिरताना ओव्या म्हणते, आणि तो ओट्याला टेकून उभा असतो. तो ऐकतो का, मला माहीत नाही. उभा असतो, एवढं मी लिहू शकते.